रतिबाचं दूध कोणाच्या हाडांना लागतं?

बहुतेक मराठी घरांत रोज दूध येतं. तरी ज्या माणसाच्या हाडांना आणि स्नायूंना त्याची सगळ्यात जास्त गरज, त्याच्या वाट्याला ते फारसं येत नाही. सहा माणसांचं घर धरा: आजी-आजोबा, आई-बाबा, दोन मुलं. रोजचा रतीब दीड लिटर. चार मोठ्या माणसांचे दिवसाला दोन-दोन चहा, कपामागे ५० मिली दूध, म्हणजे ४०० मिली तिथेच गेलं. दोन्ही मुलांना सकाळ-संध्याकाळ पेलाभर, ते ८०० मिली. उरलेल्या ३०० मिलीचं विरजण. त्याचं दही आधी बाबांच्या आणि मुलांच्या ताटात, आणि भांड्याच्या तळाशी जे उरेल त्यात पाणी घालून आजीचं ताक. आजीच्या पोटात दिवसभरात धड दीडशे मिली दूधही जात नाही. आणि घरात हाड मोडण्याचा धोका सगळ्यात जास्त कोणाला, तर तिलाच.

या दीड लिटरची नव्याने वाटणी कशी करायची आणि ते दूध खरोखर हाडा-स्नायूंपर्यंत पोचावं म्हणून सोबत काय करायचं, ते पायरीपायरीने सांगतो. दूध पचत नसेल किंवा खायचंच नसेल, तर त्याचीही सोय पुढे आहे.

पायरी १: तीन दिवस लिहून काढा

फ्रिजच्या दारावर कागद चिकटवा. घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढे तीन दिवस दूध, दही, ताक, पनीर किती गेलं ते लिहा. एक दिवस रविवार असू द्या, कारण रविवारचं खाणं वेगळंच असतं. चहातलं दूध वेगळं लिहायचं. ताक लिहिताना किती पेले प्यायलं यापेक्षा ते किती दह्याचं केलं होतं ते महत्त्वाचं. आपल्याकडे वाटीभर दह्याचं चार जणांचं ताक होतं आणि पिणाऱ्याला वाटतं आपण पेलाभर दही खाल्लं.

आधी घरातली वाटी आणि पेला पाण्याने भरून मापून घ्या. वाटी १०० मिलीची असते तशी २०० मिलीचीही असते. औषधाच्या बाटलीबरोबर येणारं प्लास्टिकचं माप याला चालतं.

तूप, लोणी, बासुंदी, आइस्क्रीम, श्रीखंड लिहायचं असेल तर लिहा, पण हिशेबात धरू नका. का ते पुढच्या पायरीत.

पायरी २: कशात काय आहे ते ओळखा

गाईच्या १०० मिली दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शिअम आणि सव्वातीन ग्रॅम प्रथिनं असतात. एवढा एकच आकडा पाठ असला तरी पुढचं बरंच गणित सुटतं. म्हशीच्या दुधाबद्दल मात्र घोळ आहे. जुन्या तक्त्यांत त्यातलं कॅल्शिअम २१० दिलेलं असायचं आणि अजूनही अनेक आहारतक्त्यांत तोच आकडा फिरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नाचे नवे तक्ते काढले. त्यांत म्हशीचं दूध १२१ वर आहे, म्हणजे गाईच्या बरोबरीनेच. म्हशीच्या दुधात स्निग्धांश बराच जास्त आणि प्रथिनं किंचित जास्त. हाडांसाठी कोणतं घ्यावं या वादात वेळ घालवू नका. जे परवडतं आणि पचतं ते घ्या.

पिशवीच्या दुधाबद्दलही एक गैरसमज पक्का बसलेला आहे, की साय काढली किंवा टोन्ड दूध घेतलं की त्यातला कस गेला. कॅल्शिअम आणि प्रथिनं सायीत नसून दुधाच्या पाणीदार भागात असतात. नियमाप्रमाणे टोन्ड दुधात स्निग्धांश ३ टक्के, डबल टोन्डमध्ये दीड टक्का आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के असतो. स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ टोन्डमध्ये साडेआठ टक्के, तर डबल टोन्डमध्ये ९ टक्के, म्हणजे फुल क्रीमइतकेच. वजन वाढलेल्या आजोबांना डबल टोन्ड द्यायला काहीच हरकत नाही. एक ते दोन वर्षांच्या बाळाला मात्र सायीसकटच द्यावं, त्याला त्या चरबीची गरज असते. उकळल्याने कॅल्शिअम जात नाही.

दह्यात दुधाइतकंच सगळं असतं, वर ते पचायला हलकं. पनीर दाट असतं: १०० ग्रॅममध्ये १८-१९ ग्रॅम प्रथिनं आणि चारशेच्या वर कॅल्शिअम. घरी एक लिटर दुधाचं दीडशे ते दोनशे ग्रॅम पनीर निघतं. उरलेली निवळी मोरीत ओतू नका, तिच्यात थोडी प्रथिनं आणि कॅल्शिअम राहिलेलं असतं. कणीक तिच्यात भिजवा किंवा आमटीत घाला. सुटं पनीर घेताना डोळे उघडे ठेवा. वनस्पती तेलापासून केलेलं बनावट पनीर बाजारात आहे. घरी आयोडीनचा थेंब टाकून पिष्ट मिसळलेलं ओळखता येतं, तेल मिसळलेलं त्याने कळत नाही. शंका असेल तर पाकीटबंद घ्या किंवा दूध फाडा.

चक्क्याची गंमत वेगळी आहे. दही आंबट होतं तसं त्यातलं कॅल्शिअम विरघळून पाण्यात उतरतं, आणि फडक्यात बांधून टांगलं की त्या पाण्याबरोबर बरंचसं टपकून जातं. म्हणून चक्क्यात प्रथिनं दाटतात, कॅल्शिअम त्या मानाने दाटत नाही. हल्ली महागड्या डब्यांतून मिळणारं घट्ट ग्रीक दही याच जातीचं. स्नायूंसाठी चांगलं, हाडांसाठी साधं दही त्याच्या तोडीस तोड. श्रीखंडात याउपर चक्क्याइतकीच साखर पडते. सणाला मनसोक्त खा, फक्त औषध म्हणून खाऊ नका.

तुपात कॅल्शिअम नाही. लोण्यात नावापुरतं. "तूप खाल्लं की सांध्यांना वंगण मिळतं" हे ऐकायला छान वाटतं, पण पोटातलं तूप सांध्यात जाऊन बसत नाही.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: साय काढलेल्या दुधाची पावडर. दीड मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम पावडरीत १८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शिअम आणि ५ ग्रॅम प्रथिनं असतात. दुधात कालवून विरजण लावलं तर दही घट्ट लागतं. खिरीत, नाचणीच्या सत्त्वात, थालीपिठाच्या पिठात ती खपून जाते. ज्या म्हाताऱ्या माणसाचं पोट दोन घासांत भरतं, त्याच्यासाठी यासारखा स्वस्त उपाय दुसरा नाही. घेताना पाकिटाच्या मागची यादी वाचा. चहासाठी मिळणाऱ्या डेअरी व्हाइटनरमध्ये साखर असते. आपल्याला नुसती दुधाची पावडर हवी.

मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींबद्दल थोडक्यात. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं. या पेयातला हाडांच्या कामाचा भाग म्हणजे त्यातलं दूध. मूल त्याशिवाय दूध पीतच नसेल तर चमचा निम्मा करा आणि पुढे सरका.

दुधाबाहेरही आपलं स्वयंपाकघर कोरडं नाही. १०० ग्रॅम नाचणीत ३६० च्या आसपास कॅल्शिअम असतं, म्हणजे एका मध्यम भाकरीत १८० धरा. शेवग्याचा पाला, मेथी, राजगिरा, तीळ हेही चांगले. कोकणात आणि गोव्यात सुकट, जवळा, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, यांतून भरपूर मिळतं. फक्त शरीरात किती शोषलं जातं हा प्रश्न असतो. दुधातलं साधारण ३० टक्के शोषलं जातं. पालकातलं जेमतेम ५ टक्के, कारण त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शिअमला धरून ठेवतं. पालक लोहासाठी, पानांसाठी, चवीसाठी खा, कॅल्शिअमच्या हिशेबात धरू नका. तीळ आणि नाचणीतलंही दुधाइतकं सहज मिळत नाही. तीळ भाजून कुटून आणि नाचणी मोड आणून घेतली तर फरक पडतो.

पायरी ३: वयाप्रमाणे वाटा ठरवा

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे रोजचं कॅल्शिअम असं: १ ते ३ वर्षं ५०० मिलिग्रॅम, ४ ते ६ वर्षं ५५०, ७ ते ९ वर्षं ६५०, १० ते १२ वर्षं ८५०, १३ ते १५ वर्षं १,०००, १६ ते १८ वर्षं १,०५०. मोठ्या माणसांना १,०००, अंगावर पाजणाऱ्या आईला १,२००, साठीनंतर पुन्हा १,२००. त्याच संस्थेच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत मोठ्या माणसाच्या दिवसाच्या ताटात दूध किंवा दही ३०० मिली धरलेलं आहे. त्यातून ३६० मिळतं. बाकीचं भाकरी, डाळ, पालेभाजी, तीळ यांतून यायला हवं.

आता एकेक माणूस घेऊ.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध. वर्ष पूर्ण होईपर्यंत गाई-म्हशीचं दूध पेय म्हणून द्यायचं नाही. वरच्या जेवणात चमचाभर दही चालतं. वर्षानंतर उलटी चूक होते. मूल जेवत नाही म्हणून बाटली दिली जाते, आणि बाटलीने पोट भरतं म्हणून मूल जेवत नाही. दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त दूध पिणाऱ्या मुलाला रक्ताची कमतरता होण्याची शक्यता वाढते, कारण दुधात लोह जवळजवळ नसतं. चारशे मिली पुरे, तेही कपातून.

१० ते १५ हा सगळ्यात महत्त्वाचा काळ, आणि घरात नेमकं त्याकडे दुर्लक्ष होतं. उंची झपाट्याने वाढते त्याच्या आसपासच्या दोन वर्षांत मोठेपणीच्या हाडांतल्या एकूण खनिजाचा साधारण चौथा हिस्सा भरला जातो. मुलींच्यात हा काळ बाराव्या-तेराव्या वर्षाच्या आसपास, मुलांच्यात चौदाव्याच्या. म्हणजे सातवी ते नववी. याच वर्षांत क्लास वाढतात, मैदान सुटतं, आणि मुली वजन किंवा पुटकुळ्यांच्या भीतीने दूध सोडतात. अशा मुलीवर पेल्याची जबरदस्ती करून उपयोग होत नाही. डब्यात पनीर भुर्जी, दुपारी दही-पोहे, रात्री कढी असं मागल्या दाराने आत आणा. तिशीच्या आत हाड जितकं भरेल तितकं भरतं. पुढे बहुतांश काम टिकवण्याचं असतं.

गरोदरपणाबद्दल आपल्या जवळचाच अभ्यास आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी जवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणातला आहार १९९३ पासून नोंदवला. त्यांची मुलं सहा वर्षांची झाल्यावर हाडं मोजली. गरोदरपणी ज्या आयांच्या जेवणात दूध, दुधाचे पदार्थ, डाळी, हिरव्या पालेभाज्या, फळं असे कॅल्शिअम देणारे पदार्थ वारंवार होते, त्यांच्या मुलांची हाडं जास्त घट्ट निघाली. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला चौदाव्या आठवड्यापासून कॅल्शिअमच्या दोन गोळ्या रोज देतात, बाळंतपणानंतरही सहा महिने. "डिंकाचे लाडू खातेय ना" म्हणून या गोळ्या बंद करू नका. लाडूही खा, गोळ्याही घ्या.

पाळी जाण्याचं वय आपल्याकडे सरासरी ४६-४७ आहे. त्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडांची झीज एकदम वेग धरते. याच वयाची बाई घरात सगळ्यांना वाढून शेवटी जेवते आणि दह्याचं रिकामं भांडं धुते. घरात एकाच माणसाचा वाटा वाढवता येणार असेल तर माझं मत तिच्या बाजूने. या वयापासून १,२०० धरून चाला.

साठीनंतर हाडाइतकाच स्नायू महत्त्वाचा होतो. तिशीनंतर दर दशकात स्नायू थोडेथोडे घटतात, साठीनंतर वेगाने. हात-पाय बारीक, पोट मात्र तसंच, म्हणून वजनकाट्यावर कळत नाही. म्हातारा माणूस पडतो तो बऱ्याचदा पायांत जोर नसल्याने, आणि पडला की ठिसूळ खुबा मोडतो. या वयात प्रथिनं वजनाच्या दर किलोला १ ते १.२ ग्रॅम लागतात. ५५ किलोच्या आजीला ५५ ते ६६ ग्रॅम. तिचा दिवस बघा: सकाळी चहा-खारी, दुपारी वरण-भात, रात्री दूध-भात. पस्तीस ग्रॅमपर्यंत पोचलं तरी नशीब. म्हणून प्रत्येक खाण्याला दुधाचा किंवा डाळीचा आधार हवा, विशेषतः सकाळच्या. पोह्यांबरोबर वाटीभर घट्ट दही, दुपारी वरण दाट आणि वर कढी, चार वाजता पावडर घातलेलं नाचणीचं सत्त्व, रात्री मऊ पनीर भुर्जी किंवा मुगाचं धिरडं. दात नसले तरी यातलं सगळं खाता येतं.

याचा उपयोग होतो का, हे पाहिलं गेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ६० वृद्धाश्रमांत सात हजारांवर वृद्धांवर दोन वर्षं प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या आश्रमांत दूध, दही, चीज वाढवलं. कॅल्शिअम रोज ११०० च्या वर आणि प्रथिनं वजनाच्या दर किलोला १.१ ग्रॅमपर्यंत गेली. त्या आश्रमांत हाडं मोडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांनी आणि खुबा मोडण्याचं ४६ टक्क्यांनी कमी झालं, पडणंही कमी झालं. आयुष्य मात्र त्यामुळे वाढल्याचं दिसलं नाही. ही माणसं आधी कमी खाणारी होती आणि त्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्व पुरेसं होतं, हे विसरायचं नाही.

याच्या उलट बाजूही आहे. २०१४ मध्ये स्वीडनमधल्या मोठ्या पाहणीत दिवसाला तीन किंवा जास्त पेले दूध पिणाऱ्या बायकांची हाडं कमी मोडलेली दिसली नाहीत, उलट थोडी जास्तच; दही-चीजसारख्या आंबवलेल्या पदार्थांबाबत मात्र तसं दिसलं नाही. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. पण ज्याला आधीच पुरेसं मिळतं त्याने आणखी प्यायल्याने हाड लोखंडाचं होत नाही, एवढं त्यातून घ्यावं. कमतरता भरून काढणं एवढंच दुधाचं काम.

तर आपल्या दीड लिटरची नवी वाटणी: चहाला २०० मिली, दोन मुलांना मिळून ५००, आजी-आजोबांना मिळून ४००, विरजणाला ४००. त्या दह्याची पहिली वाटी आईची. चहा निम्मा झाला म्हणून आठवडाभर घरात कुरकुर होईल, ती होऊ द्या.

पायरी ४: पचत नसेल तर

भारतात मोठेपणी निम्म्याहून जास्त लोकांना दुधातली साखर नीट पचवता येत नाही. पोट फुगतं, गुडगुडतं, जुलाब होतात. तरीही बहुतेकांना एका वेळी कपभर दूध जेवणाबरोबर चालतं. रिकाम्या पोटी गटागटा प्यायलेलं चालत नाही. पाव कपापासून सुरू करा, दर तीन-चार दिवसांनी थोडं वाढवा. नाहीच जमलं तर दही, ताक, पनीर. विरजणातले जीवाणू ती साखर काही अंशी आधीच खाऊन टाकतात. दूध प्यायल्यावर अंगावर पित्त उठत असेल, ओठ सुजत असतील, तर ती ॲलर्जी. तिथे हे प्रयोग करायचे नाहीत.

दूध मुळीच न घेणाऱ्यांनी कॅल्शिअम घातलेलं सोया दूध आणि टोफू बघावं. बदामाच्या दुधात प्रथिनं फारच कमी असतात, त्यावर म्हाताऱ्या माणसाला ठेवू नका.

मुतखडा आहे म्हणून दूध तोडणारे बरेच भेटतात. नेहमीच्या ऑक्सॅलेटच्या खड्यांत जेवणाबरोबरचं दूध-दही उलट मदत करतं, कारण ते ऑक्सॅलेटला आतड्यातच अडकवतं. खऱ्या मूत्रपिंडाच्या आजारात मात्र दूध, दही, पावडर यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

आणि कोल्हापूरकरांसाठी वेगळं. गंगावेशीच्या कट्ट्यावर डोळ्यांदेखत काढलेल्या म्हशीच्या फेसाळ दुधाची मजा कोणी नाकारत नाही. पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलासारखे जंतू येऊ शकतात, आणि तो आजार ताप, सांधे आणि कंबरेचे मणके धरतो. हाडांसाठी दूध पिऊन मणक्याचं दुखणं घेऊ नये. पेला घरी आणून उकळा.

पायरी ५: वेळा सांभाळा

एका वेळी शरीर साधारण ५०० मिलिग्रॅमपर्यंतच कॅल्शिअम नीट घेतं. त्यामुळे दिवसाचं दूध-दही तीन भागांत विभागा. गोळ्यांचंही तसंच.

लोहाची गोळी आणि कॅल्शिअमची गोळी किंवा दूध यांत दोन तासांचं अंतर ठेवा. गरोदर बाई दोन्ही गोळ्या एकदम दुधाबरोबर घेते, हे घरोघरी दिसतं. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर. कॅल्शिअमची गोळी त्यानंतर चार तासांनी, आणि दुधाचा पेलाही त्या गोळीला लगटून नको. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास बसून किंवा उभं राहायचं, तोवर चहासुद्धा नाही. काही प्रतिजैविकंही दुधाबरोबर घेतली तर लागू पडत नाहीत, औषधवाल्याला विचारा.

मीठ जास्त झालं की लघवीतून कॅल्शिअमही जास्त जातं. पापड, लोणचं, वर मीठ घातलेलं ताक, हे सगळं एकाच ताटात येतं तेव्हा एखादं कमी करा. ताकात मिठाऐवजी जिरेपूड आणि कोथिंबीर छान लागते.

पायरी ६: ऊन आणि भार

ड जीवनसत्त्वाशिवाय दुधातलं कॅल्शिअम आतड्यातून पुरेसं उचललं जात नाही. रोजची गरज ६०० युनिट, साठीनंतर ८००. दुधाच्या पिशवीवर निळं '+एफ' चिन्ह असेल तर त्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट घातलेलं असतं, म्हणजे पाव लिटरच्या पेल्यात ५० ते ७५. चांगलं आहे, पण पुरेसं नाही. कोवळं सकाळचं ऊन याला फारसं कामाचं नाही. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते त्या वेळचं ऊन हवं, हात आणि तोंड उघडं ठेवून पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून काही वेळा. गच्चीवर कुरडया वाळत घालायच्या त्याच वेळी बसा. काचेआडून येणारं ऊन उपयोगी पडत नाही.

साठ हजार युनिटची पुडी दर आठवड्याला वर्षानुवर्षं स्वतःच्या मनाने घेणारे लोक आहेत. असं करू नका. रक्तातलं कॅल्शिअम वाढून मूत्रपिंडांना इजा होते. किती आठवडे घ्यायची ते डॉक्टर ठरवतील.

आणि भार. ज्या हाडावर भार येत नाही ते भरत नाही, ज्या स्नायूला काम नाही तो प्रथिनं खाऊन वाढत नाही. मुलांना खो-खो, लंगडी, दोरीवरच्या उड्या. पोहणं आणि सायकल हृदयाला उत्तम, पण हाडाला उड्यांसारखा ठोका त्यांत बसत नाही. चाळिशीच्या बाईला चालण्याच्या जोडीला जिने चढणं, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या हातात घेऊन व्यायाम, उठाबशा. सत्तरीच्या आजीला खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला भिंतीशी खुर्ची लावा आणि कोणीतरी शेजारी उभं राहा. आधीच मणका दबलेला असेल त्यांनी कंबरेतून वाकण्याचे व्यायाम टाळावेत. न्हाणीघरात घट्ट बसणारी दांडी लावा, घसरणारी पायपुसणी उचला. याचा दुधाशी संबंध नाही, खुब्याशी आहे.

पायरी ७: घरीच तपासा

मोबाइलवर वेळ लावा. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांतले स्नायू कमजोर झालेत असं समजायचं. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये हीच रेषा ठरवली. पोटरीचा सगळ्यात जाड घेर टेपने मोजा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा आणि बायकांत ३३ पेक्षा कमी असेल तर तोही इशारा. दर तीन महिन्यांनी आकडे त्याच कागदावर लिहा. सूज असलेल्या पायावर हे माप फसवं असतं.

उंचीही मोजा. तरुणपणच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटर किंवा जास्त कमी झाली असेल, पाठीला पोक येऊ लागलं असेल, तर एखादा मणका न कळत दबलेला असू शकतो. तेव्हा डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी करून घ्या. त्यात टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे अडीच किंवा त्याखाली आला तर ते ठिसूळ हाड, आणि तिथे नुसतं दूध पुरत नाही, औषध लागतं.

उभ्या उभ्या पडून मनगट मोडणं हा इशारा सगळ्यात जास्त वाया जातो. पन्नाशीनंतर असं झालं तर प्लास्टर निघायच्या आतच डेक्साचं आणि ड जीवनसत्त्वाचं विचारा. हाड बसवणारा डॉक्टर विषय काढेल म्हणून थांबू नका.